मे महिन्यात १९, जुलैत २१: एएफएमवर एकाच नमुन्याची उंची का बदलते आणि कुठे काय तपासायचं

तक्रार ठरलेली असते. सिलिकॉनच्या तुकड्यावर स्पिन कोटिंगने पॉलिमरचा पातळ थर चढवलेला असतो, ब्लेडने एक चरा मारून त्याची कड एएफएमखाली (ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, म्हणजे सूक्ष्म टोकाने, टिपने, पृष्ठभाग चाचपून उंची मोजणारं यंत्र) मोजलेली असते. मे महिन्यात उंची येते १९ नॅनोमीटर. तोच तुकडा डबीत बंद करून ठेवला आणि जुलैत पुन्हा लावला की येते २१. टिप बदलली तरी २१. मग कोणी टिपच्या नावाने बोटं मोडतं, कोणी म्हणतं कॅलिब्रेशन गेलं, आणि सर्व्हिस इंजिनिअरला फोन लागतो. नागपुरात हा प्रकार वर्षातून दोनदा होतो: एकदा मे अखेरच्या नवतप्याच्या आगेमागे आणि दुसऱ्यांदा पाऊस स्थिरावल्यावर. यंत्र बहुतेक वेळा धड असतं. बदललेली असते ती हवा, आणि तिच्यामुळे टिप आणि पृष्ठभाग यांच्यातला व्यवहार.

खालचं सगळं हवेत चालणाऱ्या टॅपिंग पद्धतीबद्दल आहे, म्हणजे टिप कंप पावत पृष्ठभागाला हलके टिचकत जाते. नेहमीची सिलिकॉन टिप धरली आहे: १२५ मायक्रोमीटर लांबीचा कॅन्टिलिव्हर (टिप धरणारी लवचिक पट्टी), रेझोनन्स (तिची स्वतःची कंपनसंख्या) ३०० किलोहर्ट्झच्या आसपास, कडकपणा ४० न्यूटन प्रति मीटर, टोकाची त्रिज्या १० नॅनोमीटरच्या आत.

आधी ओळखीची पायरी मोजा

सेटिंग काहीही न बदलता, त्याच टिपने, त्याच बैठकीत, उंची माहीत असलेली पायरी मोजा. इतर काही करण्याआधी हे करायचं, कारण यावरून पुढची निम्मी शोधाशोध वाचते. संदर्भाच्या पायरीचा माथा आणि तळ एकाच पदार्थाचा असावा. सिलिकॉनचं कॅलिब्रेशन ग्रेटिंग २०, १०० आणि ५०० नॅनोमीटरच्या गटात मिळतं. तुमच्या थराच्या जवळचं घ्या. थर एक-दोन नॅनोमीटरचा असेल तर ग्रेटिंग कामाचं नाही. तिथे चिकटपट्टीने सोललेला ग्रॅफाइट घ्या, त्याच्या पायऱ्या ०.३३५ नॅनोमीटरच्या पटीत असतात. किंवा सोललेला अभ्रक, त्याच्या पायऱ्या १ नॅनोमीटरच्या पटीत.

जवळची उंची का, तर पिझो (व्होल्टेज दिलं की लांबी बदलणारा, टिप किंवा नमुना हलवणारा भाग) सरळ रेषेत चालत नाही. कमी व्होल्टेजवर तो प्रत्येक व्होल्टला जितका हलतो त्यापेक्षा जास्त व्होल्टेजवर अधिक हलतो. ५०० नॅनोमीटरच्या पायरीवर बसवलेला गुणक १ नॅनोमीटरच्या पायरीवर चांगलाच चुकू शकतो. ज्यांच्या यंत्रात झेड (म्हणजे उभ्या दिशेच्या हालचालीचा) सेन्सर आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: उंचीचे दोन चॅनल असतात, एक सेन्सरवरून येणारा आणि एक पिझोच्या व्होल्टेजवरून. दहा-वीस नॅनोमीटरच्या वर सेन्सरचा चॅनल भरवशाचा. एक नॅनोमीटरच्या खाली सेन्सरचा स्वतःचा गोंगाटच आडवा येतो, तिथे व्होल्टेजचा चॅनल घ्या.

निकाल तीन प्रकारे लागतो. संदर्भाची पायरीही त्याच प्रमाणात, म्हणजे दहा टक्क्यांनी, वाढलेली दिसली तर झेडचा गुणक हलला आहे. कॅलिब्रेशन करा आणि प्रश्न मिटला. संदर्भ बरोबर आणि फक्त नमुना वेगळा, तर पुढचं सगळं वाचा. संदर्भ प्रत्येक स्कॅनला वेगळा येत असेल तर पिझो अजून रांगतोय (व्होल्टेज थांबल्यावरही हळूहळू सरकतोय) किंवा यंत्र तापतंय: टिप टेकल्यावर १० ते १५ मिनिटं त्याच जागी स्कॅन चालू ठेवा आणि मगच आकडा धरा.

हवामान खात्याचा आकडा आणि हेडजवळचा आकडा

"बाहेर आर्द्रता १५ टक्के आहे, म्हणून स्थिर विद्युत आली" असं बरेचदा ऐकू येतं. बाहेरच्या टक्क्यांचा इथे थेट काही संबंध नाही. हिशेब करून बघा. ४४ अंशांच्या हवेत १५ टक्के आर्द्रता म्हणजे बाष्पाचा दाब सुमारे १.४ किलोपास्कल. तीच हवा एसीने २४ अंशांवर आणली, बाष्प तेवढंच राहिलं, तर आर्द्रता ४६ टक्के होते. म्हणजे मे महिन्यातली खोली कागदावर उत्तम. पण बाहेर १० टक्के असेल तर खोलीत ३० उरतात, आणि एएफएमचं हेड (टिप आणि तिची हालचाल टिपणारा लेझर असलेला भाग) लेझर आणि इलेक्ट्रॉनिक्समुळे ३० अंशांपर्यंत तापलेलं असेल तर नमुन्याजवळ फक्त २१-२२. पावसाळ्यात उलटं. २७ अंश आणि ८८ टक्के अशी हवा २४ अंशांवर आणली तर ती भिजलेलीच असते. एसीचा कॉइल पाणी काढून टाकतो म्हणून खोली ६०-६५ वर राहते. वीज गेली, एसी बंद पडला, कोणी दार उघडं टाकलं, की थंड पडलेल्या धातूवर दव.

म्हणून आर्द्रतामापक भिंतीवर नको. वायर असलेला छोटा सेन्सर घ्या आणि तो एएफएमच्या झाकणाच्या आत, नमुन्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर चिकटवा. दर स्कॅनबरोबर तापमान आणि आर्द्रता वहीत उतरवा. ३५ ते ५० टक्के हा पट्टा बहुतेक कामांना चालतो.

तो पट्टा टिकवायला महागडं काही लागत नाही. पोटॅशियम कार्बोनेटचं संपृक्त द्रावण बंद डब्यातली हवा २५ अंशांना ४३ टक्क्यांवर धरून ठेवतं. ५० मिलिलिटर पाण्यात ७५ ग्रॅम मीठ टाका. मिसळताना ते गरम होतं, गार होऊ द्या. तळाशी न विरघळलेला साका राहिलाच पाहिजे, दिसायला ओल्या रेतीसारखा. पसरट पेट्री डिशमध्ये ओतून झाकणाच्या आत ठेवा आणि वर बारीक जाळी टाका, कारण हे मीठ काठावरून चढतं. द्रावण तीव्र अल्कधर्मी असतं, हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा. ४०-५० लिटरच्या झाकणात हवा स्थिरावायला काही तास लागतात. रात्री ठेवलं की सकाळी तयार. मे महिन्यात हे पाणी सोडतं, जुलैत शोषतं. जुलैत शोषून शोषून साका संपतो, तेव्हा आणखी मीठ घालायचं. साका संपला की ४३ चा भरवसाही संपला.

सिलिका जेल वापरणारे एक चूक करतात: भरपूर टाकतात. झाकणाच्या आत आर्द्रता २० च्या खाली जाते आणि जुलैमध्येच मे तयार होतो.

आणि एएफएमच्या खोलीत कूलर कधीच नको. वाळ्याच्या ताटीचा वास छान असतो, पण त्या हवेबरोबर येणारे बारीक तुषार नमुन्यावर वाळतात आणि पाण्यातले क्षार तिथेच राहतात. नंतर तेच कण "नॅनोपार्टिकल" म्हणून मोजले जातात.

टिप टेकली, की टेकल्याचा भास झाला?

कोरड्या हवेतला सगळ्यात फसवा दोष हा. काच, टेफ्लॉन, इलेक्ट्रोस्पिनिंगचे तंतू, नुकताच सोललेला अभ्रक यांच्यावर भार साठतो आणि कोरड्या हवेत तो तासन् तास निघत नाही. टिप पृष्ठभागापासून बरीच वर असतानाच विद्युत ओढ तिला लागते, कंपन कमी होतं, कंट्रोलर समजतो की टेकली. चित्र येतं. गुळगुळीत, धुकट, जाणाऱ्या आणि परतणाऱ्या रेषा एकमेकींवर अगदी बसलेल्या, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. उंची मात्र खोटी: भार असलेला थर जास्त उंच किंवा बसका दिसतो, कारण टिप त्याच्या भारावरून चालते आहे, अंगावरून नाही.

तपासणी अशी:

१. स्कॅनचा आकार शून्य करा, म्हणजे टिप एका जागी थांबेल.

२. सेटपॉइंट (कंट्रोलरने टिकवून ठेवायचं कंपन) पाच-पाच टक्क्यांनी खाली आणा आणि झेड पिझो किती खाली उतरतो ते बघा. खरी टेकलेली टिप प्रत्येक पायरीला एखाद-दोन नॅनोमीटर उतरते. भास असेल तर ती दहा-वीस, कधी शंभर नॅनोमीटरही उतरत जाते आणि मग एकदम थांबते. थांबली तिथे खरा पृष्ठभाग.

३. ॲम्प्लिट्यूड-अंतर वक्र (टिप जवळ जाताना कंपनाचा आवाका कसा बदलतो त्याचा आलेख) घ्या. सिलिकॉनसारख्या कडक पृष्ठभागावर टिप टेकल्यानंतर १ नॅनोमीटर जवळ गेलं की ॲम्प्लिट्यूडही १ नॅनोमीटरने घटतं; रेषा सरळ आणि उतार एकास एक. त्याआधी लांबून, शेकडो नॅनोमीटरवरूनच, हळूहळू उतरणारी रेषा दिसली तर ती विद्युत ओढ किंवा मधल्या हवेची उशी.

हवेची उशी हा वेगळा प्रकार आहे, त्याला ऋतूशी देणंघेणं नाही. शेवटच्या दहा-एक मायक्रोमीटरमध्ये कॅन्टिलिव्हर आणि नमुना यांच्यातली हवा दबते आणि कंपन आपोआप थोडं घटतं. लांबवर ट्यून केलेलं (रेझोनन्स शोधून ठरवलेलं) मुक्त, म्हणजे न टेकलेल्या टिपचं, ॲम्प्लिट्यूड त्यामुळे जवळ आल्यावर खरं राहत नाही. उपाय साधा: एकदा टेकवा, दोन-तीनशे नॅनोमीटर मागे घ्या, तिथे पुन्हा ट्यून करा, मग सेटपॉइंट ठरवा. या दुसऱ्या ट्यूनिंगमध्ये रेझोनन्स बराच खाली सरकलेला दिसला तर ओढ आहे, म्हणजे भार आहे.

भार काढायचे मार्ग, ज्या क्रमाने करून बघायचे त्या क्रमाने. नमुना धातूच्या चकतीवर दुहेरी चिकटपट्टीने लावला असेल तर ती पट्टी विद्युतरोधक असते. त्याऐवजी कार्बन टेप वापरा आणि नमुन्याच्या वरच्या कडेपासून चकतीपर्यंत चांदीच्या पेस्टचा एक ठिपका ओढा. चकती यंत्राच्या अर्थला जोडलेली आहे का ते मल्टिमीटरने बघा. इथवर सिलिकॉनवरचे नमुने सहसा सरळ होतात. काच आणि प्लॅस्टिकवर पेस्टचा उपयोग नाही. तिथे आयनायझरची हवा किंवा पिझोची अँटिस्टॅटिक गन वापरा, टिप मागे घेऊन आणि हेड बाजूला काढूनच, नाहीतर ठिणगीचा झटका डिटेक्टरला बसतो. त्यानंतर नमुना ४३ टक्क्यांच्या डब्यात तासभर. यंत्रात टिपला डीसी व्होल्टेज देता येत असेल तर उणे २ ते अधिक २ व्होल्ट फिरवून पृष्ठभागापासून पन्नास-एक नॅनोमीटरवर रेझोनन्स सगळ्यात वर कुठे जातो ते शोधा. त्या व्होल्टेजला ओढ सगळ्यात कमी.

जुलैचं पाणी

१९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी पहिला एएफएम मांडला तेव्हा टिप पृष्ठभागावर घासत जायची. १९९३ मध्ये टॅपिंग पद्धत आली, ती नरम आणि सैल चिकटलेल्या नमुन्यांना हे घासणं सोसत नव्हतं म्हणून. घासणाऱ्या टिपचा मोठा शत्रू म्हणजे हवेतल्या पाण्याचा पातळ थर. टॅपिंग आली म्हणून पाणी गेलं नाही, फक्त त्याची पकड सोडवता येऊ लागली.

पाणी किती? टिप आणि पृष्ठभाग यांच्या फटीत बाष्प आपोआप साचतं. साचलेल्या पाण्याच्या वक्रतेची त्रिज्या ४० टक्के आर्द्रतेला सुमारे ०.६ नॅनोमीटर, ८० टक्क्यांना २.४ आणि ९० टक्क्यांना ५ नॅनोमीटर. म्हणजे ९० टक्क्यांना तुमच्या टिपच्या अर्ध्या टोकाएवढं पाणी तिथे बसलेलं असतं. ते टिपला ओढतं ते बळ १० नॅनोमीटर त्रिज्येच्या नव्या टिपसाठी ९ नॅनोन्यूटनच्या घरात. झिजून ४० नॅनोमीटर झालेल्या टिपसाठी चौपट, ३६.

आता हे बळ सोडवायला स्प्रिंगकडे काय आहे ते बघा. ४० न्यूटन प्रति मीटरचा कॅन्टिलिव्हर २० नॅनोमीटर ॲम्प्लिट्यूडवर ८०० नॅनोन्यूटनने मागे खेचतो. त्याला पाण्याची फिकीर नाही. नरम नमुन्यासाठी वापरतात तो २-३ न्यूटन प्रति मीटरचा कॅन्टिलिव्हर १० नॅनोमीटरवर फक्त २० ते ३० नॅनोन्यूटन देतो. नवी टिप सुटते, झिजलेली अडकते. "मे महिन्यात याच टिपने मस्त चित्र आलं होतं" या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा इथे असतं. अडकलेल्या टिपची खूण म्हणजे जाण्याच्या दिशेने ओढलेल्या छोट्या पांढऱ्या रेघा आणि मधेच दोन-तीन ओळींपुरती उडालेली उंची.

जुलैत नरम कॅन्टिलिव्हर वापरायचाच असेल तर मुक्त ॲम्प्लिट्यूड ३० नॅनोमीटरच्या वर ठेवा आणि टिप लवकर बदला. नमुना पाणी सोसणारा नसेल, तर आधी डब्यातली आर्द्रता खाली आणा, मगच टिप टेकवा. थंड नमुना ओलसर खोलीत आणला असेल तर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबी उघडूच नका.

दोन पदार्थ, दोन वागणुकी

थर एका पदार्थाचा आणि तळ दुसऱ्याचा असेल तर आणखी एक सापळा आहे. टॅपिंगमध्ये टिप दोन प्रकारे चालू शकते: पृष्ठभागाच्या ओढीवर, जवळजवळ न टेकता, किंवा ठोकत, खऱ्या स्पर्शाने. तळावर एक प्रकार आणि थरावर दुसरा, असं झालं की मधली उंची एक नॅनोमीटरपर्यंत चुकू शकते. २० नॅनोमीटरच्या थरात ही चूक लपून जाते. एका अणूच्या थरात ती नमुन्यापेक्षा मोठी ठरते. ग्रॅफाइटमधल्या दोन थरांचं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, पण सिलिकॉन ऑक्साइडवरच्या एकेरी ग्रॅफीनची (ग्रॅफाइटच्या एकाच थराची) उंची प्रसिद्ध निबंधांमध्ये ०.४ पासून १.७ पर्यंत काहीही सापडते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. आर्द्रता आणि भार बदलले की टिप कोणत्या प्रकारात जाईल तेही बदलतं.

फेजच्या (कंपन देणाऱ्या लाटेपेक्षा टिप किती मागे राहते त्याच्या) चित्राकडे बघा. मुक्त कंपनाला ९० अंश दाखवणाऱ्या यंत्रांत ठोकणारी टिप ९० च्या खाली आणि ओढीवर चालणारी वर दिसते (काही यंत्रं मुक्त कंपनाला शून्य धरतात, चिन्हही उलटं असू शकतं, आपल्या यंत्राचं आधी पाहून घ्या). दोन्ही पदार्थांवर टिप एकाच बाजूला असली पाहिजे. नसेल तर मुक्त ॲम्प्लिट्यूड वाढवा किंवा सेटपॉइंट खाली आणा, दोन्ही ठिकाणी ठोकू लागेपर्यंत. ग्रॅफीनसाठी याहून सोपी युक्ती: तळापासून पहिल्या थरापर्यंत मोजूच नका, पहिल्या थरापासून दुसऱ्यापर्यंत मोजा. दोन्हीकडे पदार्थ तोच, त्यामुळे ०.३३५ च्या जवळचाच आकडा येतो.

पट्टे मोजा, पंखा सापडेल

उंचीच्या चित्रात बारीक समांतर लाटा दिसत असतील तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजणं सोपं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे १ हर्ट्झ स्कॅन म्हणजे एक ओळ एका सेकंदात, असं धरणं. १ हर्ट्झमध्ये जाणं आणि येणं दोन्ही असतात. चित्रातली एक ओळ अर्ध्या सेकंदाची, आणि वळणाची जागा कापलेली असेल तर त्याहून थोडी कमी.

तेव्हा १ हर्ट्झच्या स्कॅनमध्ये एका ओळीत २५ लाटा मोजल्या तर ते ५० हर्ट्झ: वीज, अर्थिंग. ११-१२ लाटा मोजल्या तर २३ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला १४०० च्या आसपास फिरणारी मोटर. नागपुरात एप्रिल ते जूनमध्ये तो नव्वद टक्के वेळा शेजारच्या खोलीच्या खिडकीला टेकवलेला कूलर असतो. स्टँड ग्रिलला तारेने बांधलेला असतो आणि ग्रिल भिंतीत. कूलर दोन मिनिटं बंद करायला सांगा; लाटा गेल्या तर ग्रिलची तार सोडवून स्टँडच्या पायांखाली जाड रबर द्या.

स्कॅनचा वेग दुप्पट करा. लाटांची संख्या निम्मी झाली तर त्या वेळेशी बांधलेल्या आहेत, म्हणजे कंपन किंवा वीज. संख्या तीच राहिली तर त्या जागेशी बांधलेल्या आहेत: खरी रचना, नाहीतर चकचकीत नमुन्यावरून परतलेल्या लेझरचा हस्तक्षेप. लेझरच्या पट्ट्या रुंद असतात, लेझरचा ठिपका कॅन्टिलिव्हरवर थोडा सरकवला की हलतात. वेळेशी बांधलेल्यांमध्ये वीज की कंपन हे ओळखायला टिप काही मायक्रोमीटर वर उचला आणि डिफ्लेक्शनचा (कॅन्टिलिव्हर वाकण्याचा) स्पेक्ट्रम बघा. शिखर तिथेच राहिलं तर जमिनीच्या कंपनाला मोकळं सोडा आणि विजेकडे वळा.

विजेकडे वळायचं तर आधी अर्थ पिट. काळी माती मे महिन्यात आटते, भेगा पडतात, अर्थच्या प्लेटपासून सुटते. रोध वाढतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण चित्रात येते. पिटमध्ये पाणी टाकलं की दुसऱ्या दिवशी चित्र स्वच्छ झालं, असं होणं अजिबात जादू नाही. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मल्टिमीटरने बघा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. यंत्र, संगणक आणि मॉनिटर एकाच बोर्डावरून घ्या. घरगुती इन्व्हर्टरवर एएफएम चालवू नका, शुद्ध साइन वेव्हचा ऑनलाइन यूपीएस लागतो.

वर्धा रोड किंवा उत्तर अंबाझरी रोडला मेट्रोच्या पुलालगत इमारत असेल तर दिसणारा दोष वेगळा. सलग लाटा नाहीत. दहा-पंधरा ओळींचा खडबडीत जुडगा, मग काही मिनिटं शांत, पुन्हा जुडगा. ओळींवरून वेळ काढा आणि गाड्यांच्या वेळेशी ताडून बघा. यावर पंखा बंद करण्यासारखा उपाय नाही, टेबलच सुटं करावं लागतं.

लहान टेबलटॉप यंत्रासाठी ते शहरातच बनतं. स्वयंपाकाच्या ओट्याचा १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट घ्या, ४५ सेंटिमीटर चौरस तीन तुकडे, सिलिकॉन सीलंटने एकावर एक चिकटवा. वजन ३० किलोच्या आसपास. चौकटीला चार रबरी बंजी दोऱ्यांवर टांगा. यंत्र ठेवल्यावर दोऱ्या २५ सेंटिमीटर ताणल्या गेल्या तर टेबलाची स्वतःची लय १ हर्ट्झ येते. फक्त ६ सेंटिमीटर ताणल्या तर २ हर्ट्झ. जितकी लय खाली तितकं वरचं कंपन गळतं. केबल सैल वेटोळ्यात सोडा, ताठ केबल म्हणजे भिंतीला बांधलेला दोर. ग्रॅनाइटखाली दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवून लाकडी ठोकळे लावा, कारण इथल्या उन्हाळ्यात रबर वर्षभरात कडक होतं आणि तुटलं तर यंत्र जमिनीवर.

चित्र तिरपं किंवा ताणलेलं

पाच सेंटिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग ०.१ अंशाने तापला की ११५ नॅनोमीटर वाढतो. ५१२ ओळींचा स्कॅन १ हर्ट्झला साडेआठ मिनिटं चालतो, आणि साधा एसी तेवढ्यात एकदा चालू-बंद होतो. एकच जागा खालून वर आणि वरून खाली अशी लागोपाठ स्कॅन करा. गोल कण एका चित्रात लांबट आणि दुसऱ्यात चपटा दिसला तर तापमान सरकतंय. एसीची झोत हेडवर नको, लेझर तास-दोन तास आधी चालू, झाकण बंद. पायरीच्या उंचीला यातून वाचवायचं तर स्कॅनची जलद दिशा पायरीला आडवी ठेवा, म्हणजे दोन्ही पातळ्या एकाच ओळीत, अर्ध्या सेकंदात मोजल्या जातात.

सगळे कण एकाच आकाराचे, एकाच दिशेला शेपूट असलेले दिसले तर टिपला दुसरं टोक आहे. खात्री करायला नमुना हाताने फिरवा. स्कॅनचा कोन बदलून काही कळत नाही, कारण त्यात टिप आणि नमुना दोघेही चित्रात एकत्र फिरतात.

सॉफ्टवेअर उंची खातं

इथे सगळ्यांत जास्त नॅनोमीटर हरवतात, आणि ऋतूचा दोष नसतो. चित्र सपाट करण्याचं बटण प्रत्येक ओळीला एक रेषा किंवा वक्र बसवून वजा करतं. ओळीचा एक तृतीयांश भाग २० नॅनोमीटर वर असेल तर बसवलेली रेषा त्या बाजूला उचलली जाते आणि वजाबाकीत पायरी बुटकी होते. दुसऱ्या-तिसऱ्या घाताचा वक्र तर पायरीच गिळतो. खूण म्हणजे थराच्या दोन्ही कडांना तळात काळसर खड्डा. मे महिन्यात एकाने तिसऱ्या घाताने सपाट केलं आणि जुलैत दुसऱ्याने पहिल्या घाताने, तर तिथेच दोन नॅनोमीटरचा फरक.

बरोबर रीत: थरावर मास्क टाका, रेषा फक्त तळावर बसवा, सगळ्या चित्राला तेच लावा. ग्विडियन हे मोफत सॉफ्टवेअर हे नीट करतं. मग एका रेषेचा प्रोफाइल न बघता उंचीचा हिस्टोग्राम काढा आणि दोन शिखरांमधलं अंतर घ्या. कडेजवळचा भाग हिशेबात नको, तिथे टिपची बाजू मोजली जाते आणि ब्लेडने उचललेला काठही असतो. जुन्या मूळ फाइली जपून ठेवलेल्या असतील तर मे आणि जुलैच्या दोन्ही फाइली आज एकाच रीतीने पुन्हा काढून बघा, दुसरं काहीही करण्याआधी.

आणि नमुनाच बदलला असेल तर

संदर्भाची पायरी बरोबर, टिप खरी टेकलेली, फेज एका बाजूला, तळावर बसवलेली रेषा, आणि तरीही २१. मग २१ खरे आहेत. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, कायटोसान, जिलेटिन यांचे थर हवेतलं पाणी पितात आणि फुगतात. अभ्रकावर ठेवलेल्या ग्रॅफीनखालीसुद्धा पाणी अडकतं आणि ०.३७ नॅनोमीटर उंचीच्या चपट्या बेटांसारखं दिसतं. ते कचरा समजून पुसायला जाऊ नका.

खात्री करायला दोन दिवस लागतात. नमुना ४३ टक्क्यांच्या डब्यात रात्रभर ठेवून तिथेच मोजा. मग डिशमध्ये सोडियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवा, प्रयोगशाळेतलं शुद्ध, किराण्याचं आयोडीनयुक्त मीठ नको. त्याने ७५ टक्के मिळतात. पुन्हा रात्रभर, पुन्हा मोजमाप. तिसऱ्यांदा ४३ वर परत. उंची वर जाऊन पुन्हा खाली आली तर थर फुगतो आणि वाळतो. वर जाऊन तिथेच राहिली तर थर आतून बदलला किंवा कडेने सुटला. तो नमुना आता मे महिन्याशी तुलना करायच्या कामाचा नाही. फुगून परत येणाऱ्या थराच्या नोंदीत एकटी उंची लिहू नका: १९ नॅनोमीटर, हेडजवळ ३० टक्के, २१ नॅनोमीटर, हेडजवळ ६८ टक्के.